नव्या मॉडेलांनी नवी मुलं येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बर्मिंगहॅमजवळच्या तुमच्या मॉडेल रेल्वे क्लबात कुठल्याही कंपनीने नवं इंजिन जाहीर केलं की आठवडाभर दुसरा विषय निघत नाही, पण त्या खोलीत पन्नाशीच्या आतले तुम्ही एकटेच. टीटी १२० या लहान मापाच्या गाड्यांसारख्या नव्या मालामुळे मुलं येतील का, क्लबाने त्यासाठी काय करावं, आणि पुण्यातल्या तुमच्या बारा वर्षांच्या भाच्याला सुरुवात करून द्यायची तर काय घ्यावं?

मी इंग्लंडातल्याच एका क्लबात मुलांचं टेबल बरीच वर्षं सांभाळतो आहे, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांवर माझं मत ठाम आहे. केवळ नवं मॉडेल आलं म्हणून मुलं येत नाहीत. ज्या गाडीने आपण शाळेत जातो ती टेबलावर दिसली तर मूल थांबतं, आणि कंट्रोलर हातात मिळाला तर पुढच्या शनिवारी परत येतं. नव्या मालाचं स्वागत जरूर करा, मीही मनापासून करतो. पण प्रत्येक घोषणा ऐकल्यावर स्वतःला विचारा, की चौदा वर्षांच्या मुलाच्या खोलीत हे मावेल का, त्याला परवडेल का, आणि ही गाडी त्याच्या ओळखीची आहे का.

टीटी १२० यातल्या पहिल्या दोन गोष्टींत चांगलं उतरतं. ब्रिटनमध्ये बहुतेकांचं माप ओओ, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:७६. त्याच्या दोन रुळांमधलं अंतर मात्र १६.५ मिलिमीटर, जे खरं तर १:८७ च्या एचओ मापाला शोभतं. युद्धापूर्वीच्या मोटरी ब्रिटिश इंजिनांच्या अरुंद अंगात मावत नव्हत्या, म्हणून अंग थोडं वाढवलं आणि रूळ तेच ठेवले. ती तडजोड आजतागायत चालू आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये हॉर्न्बी या ब्रिटिश मॉडेल कंपनीने १:१२० ची, म्हणजे टीटी १२० ची, मालिका जाहीर केली, तिचे रूळ १२ मिलिमीटरचे. खऱ्या रुळांमधल्या १४३५ मिलिमीटर अंतराला १२० ने भागून पाहा, गाडी आणि रूळ यांचं प्रमाण बरोबर जुळतं. हे माप काही नवं नाही, पूर्व जर्मनीत आणि आसपासच्या देशांत ते कित्येक दशकं रुजलेलं आहे. ब्रिटनमध्ये ट्रायँग कंपनीने १९५७ मध्ये टीटी आणलं होतं, पण त्याचं प्रमाण वेगळं होतं आणि ते फार वर्षं टिकलं नाही. तुमच्या क्लबातले ज्येष्ठ मान हलवतात ते त्या आठवणीमुळे.

त्यांच्या शंकेचा मी आदर करतो, पण मुलांच्या बाजूने हिशेब वेगळा पडतो. ज्याच्या कपाटात तीस वर्षांचा ओओचा साठा आहे त्याला माप बदलणं परवडत नाही. ज्याच्याकडे अजून एकही डबा नाही त्याला काही बदलायचंच नसतं. ब्रिटिश रेल्वेचा २३ मीटरचा मार्क थ्री डबा ओओमध्ये ३० सेंटिमीटर भरतो, टीटीमध्ये १९. तोच आराखडा टीटीत मांडला तर जागा साधारण ४० टक्केच लागते. इथल्या घरांतली मुलांची खोली तुम्ही पाहिलीच आहे, पलंग आणि कपाट ठेवलं की उरतं ते दार उघडण्यापुरतं. ओओचा साधा लंबगोल तिथे जमिनीवर पसरावा लागतो आणि रात्री उचलावा लागतो. टीटीचा फळीवर बसवून पलंगाखाली सरकवता येतो. रोज उचलावं लागणारं लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, महिन्याभरात खोक्यात जातं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

सुरुवातीला ही मालिका कंपनीने फक्त स्वतःच्या संकेतस्थळावरून विकली, दुकानांत ठेवली नाही. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. मुलाला इंजिन हातात घेऊन त्याचं वजन कळावं लागतं, चाकं बोटाने फिरवून पाहावी लागतात. पुढे ती दुकानांत आली, हे चांगलंच झालं.

ओळखीची गाडी ही मात्र अजून अडलेली गोष्ट आहे. टीटीची पहिली मोठी आकर्षणं होती ए थ्री आणि ए फोर, म्हणजे फ्लाइंग स्कॉट्समन आणि मॅलार्ड यांच्या जातीची वाफेची इंजिनं. मॅलार्डने १९३८ मध्ये ताशी २०३ किलोमीटरचा विक्रम केला तेव्हाची लहान मुलं आज नव्वदीच्या घरात असतील. इंजिन देखणं आहे यात वाद नाही, पण तुमच्या गावातल्या मुलाला न्यू स्ट्रीट स्टेशनात दिसते ती पेंडोलिनो ही लांब पल्ल्याची वेगवान गाडी. बर्मिंगहॅमच्या क्रॉस-सिटी या उपनगरी मार्गावर वाढलेल्या मुलांना विजेवरची क्लास ३२३ लोकल सुटतानाचा तो टप्प्याटप्प्याने चढत जाणारा आवाज तोंडाने काढून दाखवता येतो. मी ऐकला आहे, आणि तो हुबेहूब असतो.

मग कंपन्या वाफेचीच इंजिनं पुन्हा पुन्हा का काढतात? यामागे निव्वळ जुनी आठवण नाही, साचा आहे. एका पोलादी साच्याचा खर्च मोठा असतो आणि तो अनेक आवृत्त्यांवर वाटला गेला तरच परवडतो. वाफेचं इंजिन एकटं विकता येतं. वेगवेगळी नावं, क्रमांक, काळाप्रमाणे बदललेले रंग लावून एकाच साच्यातून ते वर्षानुवर्षं निघत राहतं. पेंडोलिनोसारखी अखंड गाडी म्हणजे नऊ किंवा अकरा डबे एकत्र घ्यायचे, त्यात डब्यांचे साचे निरनिराळे आणि चालवणारी कंपनी एकच. इतका महाग संच घेणारा माणूस पुन्हा साठीचाच निघतो.

यातून वाट काढणाऱ्या गाड्याही आहेत, आणि क्लबाने आवाज उठवायचा तो त्यांच्यासाठी. क्लास ६६ हे मालगाडीचं डिझेल इंजिन घ्या. १९९८ पासून ब्रिटनमध्ये अशी चारशेहून अधिक आली, अनेक कंपन्यांच्या रंगांत ती आजही रोज धावतात. मुलाला ओळखीचं, कारखानदाराला रंग बदलून विकता येणारं. दोन डब्यांची क्लास १५० ही डिझेल लोकल तशीच, लहान स्टेशनावर शोभणारी आणि दोन डब्यांतच पूर्ण होणारी. अशा गाडीची घोषणा झाली तर तिचं स्वागत सर्वांत मोठ्याने करा, आगाऊ नोंदणी करा, कंपनीला पत्र लिहा. छंदिष्टांच्या मागणीने मॉडेल निघतं हे आता सिद्ध झालेलं आहे. टीटीहूनही लहान अशा एन मापातली पेंडोलिनो रेव्होल्यूशन ट्रेन्स या कंपनीने लोकांकडून आगाऊ पैसे जमवूनच करवून घेतली. आयर्लंडची अ‍ॅक्युरास्केलसुद्धा छंदिष्टांच्याच पुढाकारातून उभी राहिलेली कंपनी.

आता वेळेबद्दल. घोषणा झाल्यापासून इंजिन हातात पडेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात. आधी खऱ्या इंजिनाची मोजमापं किंवा लेझर स्कॅन, मग संगणकावरचा आराखडा, मग साचे, मग बिनरंगी नमुना, मग रंगवलेला नमुना, आणि मग चीनमधल्या कारखान्यात रांगेत नंबर. आपल्याला या वाट पाहण्यातही आनंद मिळतो, कारण आपल्याकडे तोवर चालवायला पन्नास इंजिनं असतात. तेराव्या वर्षी नोंदवलेलं इंजिन सोळाव्या वर्षी आलं तर तोवर त्या मुलाचा जीव भलत्याच गोष्टीत रमलेला असतो. म्हणून क्लबाची संध्याकाळ घोषणांच्या चर्चेत घालवू नका. जे खोक्यातून बाहेर आलं आहे ते रुळांवर ठेवा. आणि महागड्या नव्या इंजिनाला मुलाचा हात लागू न देणारा सभासद असेल, तर त्याला प्रेमाने सांगा की त्या दिवशी दुसरं इंजिन आणा.

वाट पाहण्याचा काळही मुलांना देता येतो, तो मात्र काम म्हणून. कंपन्या नमुन्यांची छायाचित्रं प्रसिद्ध करतात. आमच्या क्लबात ती भिंतीवर मोठी करून दाखवतो आणि चुका शोधायचं काम मुलांना देतो. दिव्यांची रचना, दाराच्या कडेची पट्टी, छतावरच्या पेटीची जागा, आजच्या गाड्यांच्या या बाबतीत ती आपल्यापेक्षा कितीतरी पक्की असतात. फलाटावर उभं राहून त्यांनी शेकडो फोटो काढलेले असतात. एका मुलीने सूचनाफलकावरच्या अक्षरांचं वळण चुकल्याचं दाखवलं, आम्ही ते तिच्याच शब्दांत कंपनीला कळवलं. त्यानंतर ती क्लबात पाहुणी राहिली नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगतो. मुलगी आली की तिला झाडं लावायला बसवायचं ही सवय बऱ्याच क्लबांत आहे. तिला आवडत असेल तर जरूर लावू दे, पण आधी विचारा. तिला सांध्याची, म्हणजे गाडीचा रूळ बदलणाऱ्या जागेची, मोटर जोडायची असेल, वायरिंग करायचं असेल, वेळापत्रक लावून गाड्या सोडायच्या असतील.

सगळ्यांत जास्त उपयोग कशाचा झाला असं विचाराल, तर माझं उत्तर टी-ट्रॅक. एन मापाची ही पद्धत अगदी साधी आहे. साधारण ३१ सेंटिमीटर रुंदीची एक छोटी पेटी, वर काटो या जपानी कंपनीच्या युनिट्रॅक पद्धतीचे दोन समांतर रूळ. पेट्यांची उंची आणि रुळांची जागा ठरलेली, त्यामुळे कुणाचीही पेटी कुणाच्याही शेजारी टेबलावर ठेवली की रूळ खटकन जुळतात. मूल आपली पेटी घरी बनवतं, पिशवीत घालून बसने घेऊन येतं आणि इतरांच्या पेट्यांना जोडतं. इतक्या लहान जागेत एक फलाट मावतो, एक पूल मावतो, पावसात उभी असलेली एक टपरी मावते. मोठ्या क्लबाच्या लेआउटवर नव्या पोराला दहा वर्षांपूर्वी ठरलेल्या आराखड्यात एखादं कुंपण लावायला मिळतं. इथे पेटीचा कोपरा न् कोपरा त्याचा, आणि तरी सगळ्यांच्या गाड्या त्यावरून जातात. इथली एन गेज सोसायटी या कामात मदत करते, तिच्याशी संपर्क साधा.

या पद्धतीचं मूळ जपानमध्ये आहे, आणि मुलांच्या बाबतीत आपण शिकायचं ते तिथूनच. घरं लहान, म्हणून तिथे एन मापच रुजलं. काटोने १९६५ मध्ये पहिलं एन इंजिन आणलं आणि टोमिक्स या दुसऱ्या जपानी कंपनीने १९७६ पासून खडीसकट जोडता येणारे रूळ दिले. त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, प्लारेल नावाचे निळे प्लॅस्टिकचे रूळ आले होते. आजचा निळा रूळ आजोबांच्या काळातल्या रुळाला जोडला जातो, इतकी ती मापं सांभाळली आहेत. तीन वर्षांचं पोर प्लारेलवर शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, फिरवतं, तीच गाडी पुढे त्याला एन मापात मिळते, आणि घरी जागा नसेल तर तासाच्या भाड्याने लेआउट देणारी दुकानं असतात, तिथे तो आपली गाडी घेऊन जातो. शाळांमध्ये रेल्वे अभ्यास मंडळं आहेत आणि माध्यमिक शाळांचे संघ आपापले लेआउट घेऊन देशपातळीवरच्या स्पर्धेत उतरतात. तिथे मधली पायरी कुठेच तुटत नाही. ब्रिटनमध्ये लाकडी रुळांवरचं खेळणं सुटतं साधारण सातव्या वर्षी, आणि दोनशे पौंडांचं मॉडेल इंजिन परवडतं चाळिशीत. मधल्या तेहतीस वर्षांसाठी क्लबाने काही करायला हवं.

प्रदर्शनांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या दाराशीच घडलेली गोष्ट म्हणून सांगतो. बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रातलं वॉर्ली क्लबाचं राष्ट्रीय प्रदर्शन शेवटचं भरलं २०२३ च्या नोव्हेंबरात. एवढा मोठा व्याप स्वयंसेवक सांभाळत होते. पाठोपाठ २०२४ च्या जानेवारीत, १९४६ पासून चालत आलेल्या हॅटन्स या दुकानाने बंद होत असल्याचं जाहीर केलं. त्या हिवाळ्यात अनेकांनी हा छंद संपल्याची भाषा सुरू केली. मला तसं वाटत नाही. हॅम्बुर्गचं मिनियाटुर वुंडरलँड बघून या. २००१ मध्ये दोन भावांनी सुरू केलेलं ते लेआउट पाहायला आज वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं येतात, आणि त्यांत मुलं भरपूर. तिथे दर पंधरा मिनिटांनी रात्र होते, विमानं उडतात, अग्निशमनाच्या गाड्या धावतात, आणि काठाकाठाने बटणं आहेत. बटण दाबलं की काहीतरी घडतं, आणि ते बटण पाहुण्याने दाबायचं असतं. आपल्या प्रदर्शनात पाहुण्याच्या आणि लेआउटच्या मध्ये दोरी असते, आणि चालवणारा पाठ फिरवून चहा पीत असतो. तुमच्या पुढच्या प्रदर्शनात एक बटण तरी बसवा. एखादं फाटक, एखादा सिग्नल, गोदीतली क्रेन, काहीही. खर्च फार नाही, एक मोटर आणि एक स्विच.

जमलं तर पहिला तास शांत ठेवा, म्हणजे ध्वनिक्षेपक बंद, गर्दी मर्यादित. स्वमग्न मुलांना रेल्वेची ओढ असते हे इथल्या अनेक पालकांना ठाऊक आहे, आणि गोंगाटामुळे ती प्रदर्शनाला येऊ शकत नाहीत. आमच्याकडे ज्या मुलांनी सिग्नलिंग सर्वांत नीट शिकून घेतलं त्यांत अशी मुलं आहेत.

मुलं घेण्याआधी कागदपत्रं मात्र पुरी करा. बालसुरक्षेचं लेखी धोरण, एक जबाबदार व्यक्ती, मुलांबरोबर काम करणाऱ्यांची आवश्यक ती डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची, तपासणी, लहान मुलांसोबत पालक हजर राहण्याचा नियम, विम्यात तशी नोंद. हे कंटाळवाणं आहे, पण यात ढिलाई नको. वर्गणी मुलांना नाममात्र ठेवा. आणि सभासदांचं जुनं सामान विकायला निघतं तेव्हा मुलांना पहिला तास द्या. जुनं पण नीट चालणारं डिझेल इंजिन खाऊच्या पैशात मिळालं की तो मुलगा ते उघडून तेल घालायला शिकतो. नव्याकोऱ्या इंजिनाला तो हात लावायला घाबरतो.

फोनवरून गाडी चालवण्याबद्दल क्लबात मतभेद आहेत असं तुम्ही लिहिलंत. हॉर्न्बीचे ब्लूटूथवाले डिकोडर, म्हणजे इंजिनात बसून आज्ञा ऐकणाऱ्या चिप, किंवा इतर कंपन्यांची अ‍ॅप यायला हरकत कसली? मुलाचा कंट्रोलर त्याच्या खिशातच असतो, वेगळा घ्यावा लागत नाही. मला स्वतःला गोल बटणच आवडतं, नजर गाडीवरून न हलवता बोटांना वेग कळतो. दोन्ही ठेवा. सिम्युलेटर खेळून आलेली मुलं ब्रेक कधी लावायचा हे आधीच जाणतात, त्यांना खरा धातू हलताना पाहायचा असतो.

आता भाचा. त्याला वंदे भारत किंवा डेक्कन क्वीन हवी असणार, आणि इथे भारताची अडचण वेगळी आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. एचओमध्ये त्याला १९ मिलिमीटरहून रुंद रूळ हवेत, पण बाजारात मिळतात ते साडेसोळाचे, त्यामुळे भारतीय गाडी जराशी चिंचोळ्या रुळावर उभी दिसते. बहुतेक जण ते चालवून घेतात आणि मीही तेच सुचवेन. भारतीय रेल्वेचा आधुनिक एलएचबी डबा जवळजवळ साडेतेवीस मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये २७ सेंटिमीटर. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तशा आठ डब्यांची गाडी कुठे वळवणार? एनमध्ये तोच डबा १५ सेंटिमीटरच्या आत येतो.

म्हणून त्याला एन मापातला काटोचा किंवा टोमिक्सचा सुरुवातीचा संच द्या. गाडी जपानी असेल, पण ती उत्तम चालेल, आणि बाराव्या वर्षी उत्तम चालणं सर्वांत महत्त्वाचं. पहिल्या दिवशी अडखळणारं स्वस्त इंजिन मुलाला कायमचं दूर नेतं. भारतीय गाडी त्यानंतर तो स्वतः करील. जपानी चाकांवर थ्रीडी प्रिंटिंगने भारतीय डबे-इंजिनांची अंगं चढवणारे तरुण देशात आहेत, आणि बारा वर्षांच्या मुलाला संगणकावर डबा आखायला शिकायला वेळ लागत नाही. निळा-पांढरा रंग त्याने स्वतः मारलेली वंदे भारत त्याला विकतच्या कुठल्याही गाडीहून प्यारी होईल.

कुरिअरने पाठवू नका. भारतात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०, आणि मॉडेल रेल्वे त्याच वर्गात मोडते. पुढच्या सुट्टीत जाल तेव्हा स्वतःच्या सामानातून, शुल्कमुक्त मर्यादा तपासून न्या. जपानी बाजारातला संच असेल तर त्यातला वीजपुरवठा १०० व्होल्टचा असू शकतो, तो पुण्यात २३० वर लावला तर पहिल्याच मिनिटाला जळेल. त्याच्यावरचा आकडा वाचा, आणि गरज पडली तर रुळांना १२ व्होल्ट डीसी देणारा २३० व्होल्टचा कंट्रोलर वेगळा घ्या.

जाण्याआधी बहिणीला सांगून ठेवा की त्याला कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियममध्ये घेऊन जा. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून १९९८ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे दिवस मावळतो, दिवे लागतात आणि अख्ख्या शहरातून गाड्या धावतात. तिथून बाहेर पडताना त्याने गाडीबद्दल विचारलं की सिग्नलबद्दल की घरांबद्दल, हे बहिणीला लक्षात ठेवायला सांगा. त्यावरून संचाबरोबर अजून काय न्यायचं ते ठरवा: जादा डबे, एक विजेवर चालणारा सांधा, की इमारतींचं किट. पावसाळ्यात रूळ काळवंडले तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती फडकं पुरे, सँडपेपर अजिबात लावू देऊ नका.